सुटल्याची वेळ

मी एसटीच्या एका आगारात वाहतूक नियंत्रक आहे, म्हणजे बसस्थानकावरच्या त्या काचेमागचा माणूस. लोक आम्हाला 'चौकशीवाले' म्हणतात. गाडी उशिरा असली की आणखीही बरंच काही म्हणतात. आगार यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, अजून तिथंच ड्युटी आहे.

जानेवारीत जवळच्या खेड्यातले एक निवृत्त गुरुजी माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन आले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प कोपऱ्यात नीट चिकटवलेला. अर्जांची आम्हाला सवय आहे. बहुतेकांना 'सर्व कागदपत्रांच्या प्रती' हव्या असतात, मग आम्हीही झेरॉक्सचा खर्च कळवून मोकळे होतो. गुरुजींनी एकही प्रत मागितली नव्हती. त्यांना त्यांच्या गावच्या संध्याकाळच्या शेवटच्या फेरीचं तीन महिन्यांचं रजिस्टर फक्त पाहायचं होतं. २००५ च्या कायद्यात कागद समोर बसून पाहण्याचा हक्क आहे, आणि पहिल्या तासाला पैसेही लागत नाहीत. आगार व्यवस्थापक म्हणाले, "दाखवा की, त्यात लपवण्यासारखं काय आहे?" काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

ठरल्या दिवशी गुरुजी नातीला घेऊन आले. पोरगी दहावीत, तालुक्याच्या शाळेत रोज येणारी. तिच्या हातात शंभरपानी वही होती, कव्हर फाटून आतला पुठ्ठा दिसत होता. आत पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडलेले: तारीख, गाडी आली ती वेळ, शेरा.

"रोज लिवतेस?" मी विचारलं.

"हाव काका. बाबाजींनं सांगतलं, तोंडी भांडलं का कोणी आयकत नाई."

टेबलावर एका बाजूला आमचं रजिस्टर, दुसऱ्या बाजूला तिची वही. गुरुजी तारीख वाचायचे, ती तिचं सांगायची, मी आमचं. शाळेत पाढे घेतल्यासारखं चाललं होतं.

रद्द फेऱ्यांचे दिवस दोन्हीकडे जुळत गेले. कारणाच्या रकान्यात बहुतेक जागी 'गाडी उपलब्ध नाही'. डिसेंबरात तर ओळीने तेच. गुरुजींनी चष्मा वर केला. "भाऊ, गाडी काही हवेत विरत नाही. गेली कुठं?" मी दुसरा कागद काढला. गाड्या प्रासंगिक करारावर, म्हणजे भाड्याने, गेल्या होत्या, शाळांच्या सहलींना. थंडीत दर वर्षी जातात, आगाराला उत्पन्न मिळतं, आणि मग कुठली फेरी कापायची तर जिचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, कमी ती. या फेरीचं भारमान कागदावर कमीच दिसायचं, कारण गाडीत निम्म्याहून जास्त पोरी आणि त्यांच्याकडे मुलींचा मोफत पास. आमचे वाहक पास नुसता नजरेने बघतात, मशीनमधून तिकीट निघत नाही. म्हणजे आमच्या हिशेबात गाडी जवळपास रिकामी धावत होती. हे मी इतकी वर्षं बघतोय, पण कोणाला समजावून सांगायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली, आणि सांगताना माझी जीभ अडखळली.

गुरुजी हसले. "म्हणजे एका शाळेची पोरं सहलीला गेली, म्हणून दुसरीच्या पोरी पायी."

एवढ्यावर भागलं असतं. पण नोव्हेंबरच्या शेवटी तीन दिवस जुळेनात. आमच्या रजिस्टरात गाडी वेळेवर सुटलेली, तिच्या वहीत शेरा 'आली, पण गावात नाई'.

"म्हणजे काय गं?"

"फाट्यावूनच पलटली काका. आमाले उतरून देल्लं. अंधार होता."

फाटा ते गाव चार किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, मधे एक नाला. रानडुकरांचा त्रास त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तिन्ही ओळींपुढे सही माझी होती. खोटी नव्हती, गाडी स्थानकातून सुटली होतीच. आमच्या रजिस्टरात सुटल्याची वेळ असते. शेवटच्या गावात ती पोचली का, याला रकानाच नाही.

चालकाला बोलावलं. तो बिचारा लपवाछपवी करणारा नव्हता. अवकाळी पाऊस पडून गेला होता, नाल्यावरच्या पुलाचं काम सुरू होतं, आणि बाजूचा कच्चा रस्ता सगळा काळ्या मातीचा. "चाक फसलं असतं तं रात्रभर तिथंच बसाव लागलं असतं साहेब, पोरी घेऊन." खरं होतं. मग आगारात येऊन सांगितलं का नाही? "कोनं इचारलंच नाई."

गुरुजींनी यावर काही सुनावलं नाही. ते सुनावतील म्हणून मी तयारीत होतो, त्यामुळे जरा जास्तच लागलं. त्यांनी कायद्याचं कलम ४ काढून दाखवलं. कोणी मागण्याआधीच कार्यालयाने माहिती आपणहून लोकांपुढे ठेवावी, असं त्यात आहे. "मला दर तीन महिन्यांनी दहा रुपये खर्च करायला लावू नका," एवढंच म्हणाले. तास संपायला पाच मिनिटं होती. घड्याळ बघूनच उठले.

पुढचं थोडक्यात. व्यवस्थापकांनी स्टोअरमधला जुना फळा काढून चौकशी खिडकीशेजारी टांगला. आज रद्द झालेल्या फेऱ्या आणि कारण, दुपारी तीनच्या आत. आमच्यातले दोघं कुरकुरले, की आपल्याच हाताने लोकांना भांडायला कारण द्यायचं. भांडणं झालीही. शेवटच्या फेरीचा वाहक आता गावात पोचला की मला फोन करतो आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने वेळ टाकतो. कधी त्याला रेंज मिळत नाही, मग ती जागा कोरी राहते. पासवाल्या पोरींचं मात्र अजून काही झालेलं नाही. त्यांची मोजदाद करावी असं पत्र वर पाठवलंय, उत्तर नाही.

फळ्यावर पहिल्या दिवशी मी सवयीने 'तांत्रिक कारण' लिहिलं, मग हाताने पुसून 'गाडी सहलीला' असं लिहिलं. संध्याकाळी पाहतो तर खाली कोणीतरी खडूने लिहून गेलेलं: 'आमाले बी न्या.'

अक्षर ओळखीचं वाटलं. मी ते पुसलं नाही.