चुकलेल्या गावची माती

सासूबाई रडत होत्या आणि मी फोटो काढत होते. आयर्लंडमधल्या स्किबरीन गावाच्या पुढे आयलेन नदीच्या काठी ऑहडाऊनची जुनी दफनभूमी आहे. पडकं चर्च, गुडघाभर गवत, पलीकडे भरतीचं पाणी. एका दगडावर त्यांच्या पणजीच्या माहेरचं आडनाव दिसलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई तिथेच खाली बसल्या. शेवाळलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत, नाक पुसत, पणजीशी बोलत राहिल्या. मग पर्समधून सँडविचची रिकामी झिपलॉक पिशवी काढून तीत मूठभर माती भरली. बॉस्टनला त्यांच्या आईच्या थडग्यावर घालायची होती. परदेशातली माती अमेरिकेत अशी नेता येत नाही, हे तेव्हा मला सांगवलं नाही. संध्याकाळी आईला पुण्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, स्मशानातलं काही घरी आणतात का!"

त्या रात्रीच कळलं की आम्ही भलत्याच गावी रडून आलो होतो. चूक संपूर्ण माझी.

घरात पणजीबद्दल ठाऊक होतं ते एवढंच: जन्म 1851चा, एकोणिसाव्या वर्षी क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोव्हहून, बोटीत बसली आणि बॉस्टनला लोकांच्या घरी कामाला राहिली. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात टाउनलँडचं नाव होतं आणि पुढे 'स्किबरीनजवळ'. टाउनलँड म्हणजे कधी कधी आपल्या वाडीहूनही लहान. आयर्लंडभर अशी 60,000च्या वर आहेत आणि नावं तीच तीच. सरसकट जन्मनोंदणी सुरू झाली 1864 साली, पणजी त्याआधीची. 1851च्या जनगणनेचे कागद 1922च्या यादवीत डब्लिनचं सरकारी दफ्तर जळालं तेव्हा जवळजवळ सगळे गेले. उरतात ती चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं. ती आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 पासून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, पण कुठल्या पॅरिशचं, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीचं, उघडायचं हे आधी ठाऊक हवं.

मी काय केलं? जमीनधारकांच्या जुन्या सरकारी यादीत, ग्रिफिथच्या मूल्यांकनात, आडनाव शोधलं. ऑहडाऊनमध्ये आडनाव जुळलं, वाडीचं नाव जुळलं, मी लॅपटॉप मिटला. त्या भागात हे आडनाव म्हणजे आपल्याकडचं पाटील, हे कुणी सांगायचं? त्र्यंबकेश्वरला गुरुजी वही उघडण्याआधी गाव नीट विचारून घेतात. मी आडनावावरच भाळले होते.

रजिस्टरं आधीच वाचायला हवी होती, पण लॅटिनचा कंटाळा. त्यात जेम्सचा जेकोबस होतो, ब्रिजेटची ब्रिजिडा. शाई फुटलेली, पानं डागाळलेली. त्या रात्री सहज म्हणून ऑहडाऊनची पानं चाळली तर पणजी नाहीच. दीड वाजता ती कॅहेरा नावाच्या दुसऱ्याच पॅरिशच्या रजिस्टरमध्ये सापडली. वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, सगळं मॅसॅच्युसेट्सच्या लग्नाच्या नोंदीबरहुकूम. ती नोंद माझ्याकडे सहा महिने पडून होती.

सकाळी नाश्त्याला सांगितलं. नवऱ्याने ब्लॅक पुडिंगमध्ये मान घातली. सासूबाईंनी टोस्टला कडेपर्यंत नीट लोणी लावलं आणि विचारलं, "मग काल मी रडले कुणासाठी?"

कॅहेराला गाडी मीच चालवली. डावीकडून चालवायची म्हटलं की नवऱ्याला घाम फुटतो. रस्ता एका गाडीपुरता, मधोमध गवत, दोन्हीकडे लाल फुशियाची कुंपणं आरशांना घासताहेत. आदल्याच दिवशी स्किबरीनच्या हेरिटेज सेंटरमध्ये वाचलं होतं: याच कॅहेराच्या बाजूला, दुष्काळातल्या सरकारी रस्त्याच्या कामावरचा डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर 24 ऑक्टोबर 1846 ला रस्त्याच्या कडेला मेला. मजुरी थकलेली होती. चौकशीत भूकबळी असं ठरलं आणि दोष बांधकाम खात्यावर ठेवला गेला. त्यानंतर रस्ता अरुंद आहे म्हणून कुरकुर करायची लाज वाटली.

टाउनलँडमध्ये दगडी भिंती, गाई आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याने इंजिन बंद करून पहिला प्रश्न विचारला तो अगदी कोकणातला: "तुम्ही कुणापैकी?" आडनाव सांगितल्यावर हनुवटीनेच उतार दाखवला. तिथे दोन पडक्या भिंती, आत रान माजलेलं. समोरच्या उतारावर गवताखाली समांतर वरंबे होते. बटाट्याचे, म्हणाला. एवढ्या वर्षांत तिथे कुणी नांगर घातलेला नाही, म्हणून अजून आहेत. ऊन तिरपं झालं तसे ते अंगाच्या वळ्यांसारखे उठून दिसू लागले. पोट त्यांच्यावरच, आणि बटाटा सडला तो 1845 पासून काही वर्षं. पणजी जन्मली ती त्याच्या शेपटाला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. डोळे कोरडे. "काल रडून झालं गं," म्हणाल्या आणि म्हाताऱ्याला दुधाचा भाव विचारू लागल्या. त्याच्या स्वयंपाकघरात चहा झाला, काळा म्हणावा इतका कडक. हॅम सँडविच मी खात नाही म्हटल्यावर त्याच्या बायकोने मला एकटीला चार बिस्किटं दिली. आम्ही अडीच तास बसलो. इथली माती त्यांनी घेतली नाही, मीही सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॅगा भरून कॉर्कला निघालो, तर म्हणाल्या, आधी ऑहडाऊन. मी चिडले, वाट उलट दिशेची होती. "दुसऱ्याच्या माणसांची माती आहे, चोरल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. गाडी वळवली. त्याच दगडापाशी त्यांनी पिशवी उलटी केली, कोपऱ्यात अडकलेली माती टिचकीने झाडली, वरून हात फिरवून सारखी केली. मग रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली, विमानात सँडविच न्यायला.