सही नसलेल्या चित्राचं गोत्र

सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर सही नसते, मग ते कोणाचं हे ठरवतात तरी कसं? जुन्या ख्रिस्ती चित्रांविषयी बोलायला लागले की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून माझं लाडकं उदाहरण सांगते : फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातली ‘रुचेलाई मॅडोना’. साडेचार मीटर उंचीचं लाकडी चित्र, मागे सोनं, सिंहासनावर मरिया, मांडीवर बाळ येशू, दोन्ही बाजूंना तीन-तीन देवदूत.

सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने हे चित्र फ्लॉरेन्सचा जुना चित्रकार चिमाबुए याच्या नावे लिहिलं. लोकांनी ते वाजतगाजत चर्चमध्ये नेलं, असंही सांगितलं. ही कथा लोकांना फार आवडली आणि नाव चिकटून राहिलं. दस्तऐवज मात्र वेगळंच सांगतो. १५ एप्रिल १२८५ रोजी सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या भजनी मंडळाने सिएना शहरातल्या दुच्चो या चित्रकाराशी करार केला : १५० लिरा मोबदला, सोनं आणि निळा रंग त्याच्याच खर्चाने, आणि काम पसंत पडलं नाही तर चित्र त्याचं त्यालाच. १८८९ मध्ये कला-इतिहासकार फ्रान्झ विकहॉफने हे चित्र दुच्चोचं असल्याचं मांडलं. तरीही पुढे कितीतरी वर्षं काही अभ्यासक तिसऱ्याच एका अनामिक चित्रकाराकडे बोट दाखवत राहिले, कारण करारातलं चित्र ते हेच, असं कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून चित्राकडेच यावं लागतं. मला सगळ्यात बोलकी वाटते ती मरियेच्या निळ्या वस्त्राची सोनेरी किनार. ती नागमोडी वळणं घेत, जणू स्वतःच्या मर्जीने, पायांपर्यंत उतरते. ही लय त्या काळच्या फ्रान्समधल्या गॉथिक कलाशैलीची. बाळाकडे हात दाखवणारी आईची बैठक बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती परंपरेतली. १३०८ ते १३११ या काळात दुच्चोने सिएनाच्या कॅथेड्रलसाठी जी भव्य ‘माएस्ता’ (सिंहासनावर बसलेल्या मरियेचं चित्र) रंगवली, तिच्या शेजारी हे चित्र मनात ठेवून पाहिलं की चेहऱ्यांवरची हळुवार छाया ओळखीची वाटते. चौकटीवरच्या तीस छोट्या वर्तुळांत डोमिनिकन संतही आहेत, आणि सांता मारिया नोव्हेल्ला हे चर्च त्याच पंथाचं.

वाझारी अगदीच चुकला असं मात्र मी म्हणणार नाही. एवढ्या भव्य आकाराची मरिया आणि सिंहासनाला बिलगलेले देवदूत चिमाबुएकडेही आहेत. दुच्चोने त्याची चित्रं नीट पाहिली होती, याबद्दल मला शंका नाही.