एकाला झाकावा, दुसऱ्याला काढावा

यंदा गणपतीला तीन वर्षांनी घरी गेलो. जपानमधल्या कावासाकीतून निघून बेळगावात, वडगावच्या आमच्या गल्लीत पोचेपर्यंत दोन विमानं झाली, एक रात्रीची बस झाली. दारात बॅग टेकवली तेव्हा समोरच्या घरातले माग नुकते सुरू झाले होते. पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत पुतण्यानं विचारलं, "काका, तू तिकडंच राहतोस न्हवं? मग सांग. गोजो ही काकाशीची कॉपी हाय का न्हाय?"

मागून भाची ओरडली, "मामा, त्याचं काय ऐकू नको. त्यानं निम्मीसुद्धा मालिका बघितलेली नाही!"

ज्यांच्या घरात अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काकाशी हा 'नारुतो'मधला गुरू. मासाशी किशिमोतोंची ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९९ ते २०१४ चालली. गोजो सातोरू हा 'जुजुत्सु कायसेन'मधला गुरू, ही मांगा २०१८ ला सुरू होऊन २०२४ ला संपली. दोघांचेही केस पांढरट, दोघेही उंच. दोघांच्या हाताखाली दोन मुलगे आणि एक मुलगी असे तीन शिष्य. आणि दोघेही डोळे झाकून वावरतात. काकाशीचा डावा डोळा कपाळपट्टीखाली, गोजोचे दोन्ही काळ्या पट्टीखाली. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असंच कुणीही म्हणेल.

हे भांडण मी असेपर्यंत रोज झालं. आरतीआधी, जेवताना, गच्चीवर. पुतण्या कन्नड माध्यमात शिकतो, भाची इंग्रजी माध्यमात, घरात सगळी मराठी. तो हिंदी डबिंग बघतो, ती जपानी आवाज ठेवून खालच्या इंग्रजी ओळी वाचते. त्यामुळं एकाच वाक्यात 'होय की', कन्नडमधलं 'यारिगे गोत्तु' (कुणाला ठाऊक) आणि जपानी 'नाकामा' असं सगळं सुखानं नांदत होतं. नाकामा म्हणजे जिवाभावाचे सोबती. हा शब्द मला जपानमध्ये वर्षभर राहिल्यावर नीट कळला होता, आणि इथं तो वडगावच्या गच्चीवर ऐकायला मिळाला. सीमाभागात आमच्या पिढीला तीन भाषा यायच्या. ह्यांनी चौथीचं दार स्वतःच उघडलंय. मला फार बरं वाटलं.

दिसण्याच्या ह्या सारखेपणाला जपानीत एक गोड शब्द आहे, 'उरिफुतात्सु'. खरबुजासारखं फळ मधोमध कापलं की दोन फोडी जशा सारख्या, तशी दोन माणसं. पण मला जास्त उपयोगी पडला तो 'काकिवाके' हा शब्द. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं तो शिकवला. काकिवाके म्हणजे पात्रं अशी काढायची की एक दुसऱ्यापासून वेगळं ओळखू यावं. ह्या शैलीत डोळे मोठे, नाक एवढंसं, हनुवटी टोकदार. एवढं ठरल्यावर चेहऱ्यात फरक करायला जागा उरते किती? म्हणून केस, डोळ्यांची ठेवण, कपडे आणि अंगाची बाह्यरेषा यांच्यावर सगळी भिस्त. त्यात टीव्हीच्या मालिकेत एक पात्र अनेक हात काढतात. सेकंदाला २४ चौकटी असतात, पण बऱ्याचदा एकच चित्र तीन चौकटी ठेवून ८ चित्रांत भागवतात. अशा घाईत सोपा, घटवलेला चेहराच तग धरतो. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचे केस सोनेरी होतात त्याचंही एक कारण कामाचंच होतं. काळे केस शाईनं भरत बसायला वेळ लागायचा, सोनेरी केस कागदावर कोरे सोडता यायचे. पुतण्याला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्प झाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादाबरोबर आम्ही मूर्ती आणायला गेलो. एकाच साच्यातले वीस-पंचवीस गणपती ओळीनं बसलेले, अंग रंगवून झालेलं, डोळे मात्र कोरे. मूर्तिकार शेवटची आखणी करत होते. श्वास रोखून एक बारीक रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. एका मूर्तीची नजर शांत उतरली, शेजारचीची मिस्कील. साचा एकच होता. मुलं एरवी एका जागी पाच मिनिटं टिकत नाहीत, ती तासभर तिथं उभी राहिली. परतताना मी म्हणालो, आता काकाशीचा आणि गोजोचा डोळा बघा.

काकाशीच्या पट्टीखालचा डोळा त्याचा नाही. ओबितो नावाच्या मित्रानं स्वतः मरणाच्या दारात असताना तो दिलेला आहे. मित्राची आठवण तो तोंडावर घेऊन फिरतो. गोजोचे डोळे जन्मजात आहेत. त्यांना इतकं दिसतं की झाकल्याशिवाय विसावा नाही. एकाची पट्टी दुःखावरची, दुसऱ्याची ताकदीवरची. माझ्या मते इथंच कॉपीचा वाद संपतो. पुतण्याच्या मते संपत नाही. "पर केस?" तो म्हणाला.

मग मी त्यांना माझी आवडती मालिका दाखवली, आणि तिथं दोघंही माझ्यावर उलटले. मित्सुरू अदाचींची 'टच'. मांगा १९८१ ते १९८६, टीव्हीवर १०१ भाग. अदाचींची पात्रं एका कथेतून दुसऱ्या कथेत गेली तरी चेहरा तोच, हे जपानमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण 'टच'चा जीवच त्या सारखेपणात आहे. तात्सुया आणि काझुया हे जुळे भाऊ, शेजारची मिनामी दोघांची बालमैत्रीण. काझुया शाळेच्या बेसबॉल संघाचा हुकमी गोलंदाज. मिनामीला कोशिएनला, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या बेसबॉल स्पर्धेच्या मैदानावर, न्यायचं हे त्याचं स्वप्न. अंतिम सामन्याला जाताना एका लहान मुलाला वाचवायला जातो आणि गाडीखाली सापडतो. पुढं तात्सुया चेंडू हातात घेतो. मैदानावर उभा राहतो तो गेलेल्या भावाचाच चेहरा घेऊन. लोक त्याच्यात काझुयाला शोधतात, आईबापाला रोज तोच चेहरा समोर दिसतो. सारखं दिसण्याचं एवढं ओझं दुसऱ्या कुठल्या कथेत मी पाहिलेलं नाही. जपानी वाचायला मी ह्याच पुस्तकांवर शिकलो. मुलांच्या मांगात कठीण अक्षरांच्या बाजूला बारीक लिपीत उच्चार छापलेला असतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक भाग आणायचो आणि रात्री बोट ठेवून वाचायचो. काझुया जातो त्या भागापाशी बोट थांबलं होतं, ते आठवतं.

आबा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, नाटक कंपनीत तरी काय होतं? बालगंधर्व कधी शकुंतला, कधी भामिनी, कधी सिंधू. चेहरा तोच, लोक रडायचे ते शकुंतलेसाठी आणि सिंधूसाठी. मी उडालोच. जुने मांगाकार ओसामू तेझुका अगदी हेच करायचे. त्यांनी आपल्या पात्रांना नटांसारखं वागवलं. रॉक नावाचा पोरगा एका कथेत नायक, दुसरीत खलनायक. जपानमध्ये ह्याला 'स्टार सिस्टिम' म्हणतात. संगीत नाटकवाल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं आबांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही.

सगळ्यात चांगली मालिका कोणती, ह्याचा निकाल लागला नाही. पुतण्याचं 'वन पीस', १९९७ पासून चालू, टीव्हीवर हजाराच्या वर भाग. भाचीचं 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड', ६४ भागांत पूर्ण. मी भाचीच्या बाजूचा. कुठं थांबायचं हे ठाऊक असलेली गोष्ट मला जवळची वाटते.

परत येऊन आठवडा झाला. काल पुतण्यानं फोनवर एक कागद पाठवला. पाच आकृत्या, नुसत्या काळ्या सावल्या, डोळे नाहीत, रंग नाहीत. खाली लिहिलेलं, 'काका, ओळख.' काकाशी केसांवरून सापडला, 'वन पीस'चा नायक लुफी टोपीवरून, गोकू उघडच. चौथी सावली मला ओळखता आली नाही, अजूनही नाही. पाचवीला क्षणसुद्धा लागला नाही. मागावर वाकलेली पाठ, डावा खांदा किंचित खाली. आबा.