याजकाचा करार आणि तारुण्यातली पत्नी

बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखी या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना माझे लक्ष दरवेळी त्याच्या क्रमाकडे जाते. आरंभी परमेश्वर याजकांना जाब विचारतो, की याजकांचा मूळपुरुष लेवी याच्याशी केलेला करार तुम्ही बिघडवला आणि तुमच्या शिकवणीने पुष्कळांना ठेच लागली. त्यानंतर त्याच अध्यायात तो नवऱ्यांकडे वळतो. वेदी आसवांनी भिजवूनही आमचे अर्पण का स्वीकारले जात नाही, असे लोक विचारतात. उत्तर येते, की तू आणि तुझी तारुण्यातली पत्नी यांच्यामध्ये परमेश्वर साक्षी होता आणि तिचा तू विश्वासघात केलास. सेवा आणि संसार ही दोन निराळी खाती असून एकातली तूट दुसऱ्यातल्या जमेने भरून निघते, अशी जी समजूत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत रुजली आहे, तिला येथे तिळमात्र आधार नाही.

मुंबईतल्या पाळकांची, म्हणजे मंडळ्या सांभाळणाऱ्या धर्मगुरूंची, धावपळ मी जवळून पाहिली आहे. रविवारची उपासना, संध्याकाळच्या घरसभा, रुग्णालयातल्या भेटी, शिवडीच्या दफनभूमीतले अंत्यविधी, आणि भायखळ्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पांगलेली कुटुंबे. पाळकीणबाईंनी महिला मंडळ आणि संडे स्कूल सांभाळावे, दारी आलेल्या प्रत्येकाला चहा द्यावा, हे आपण गृहीत धरतो. पाळकसाहेब घरी कधीच नसतात, याला आपण कौतुकाने समर्पण म्हणतो. व्यभिचार उघडकीस आला तर मंडळी हादरते, परंतु वर्षानुवर्षे पत्नीशी धड बोलणेही होत नसेल तर त्याची नोंद कोणी घेत नाही. प्रेषित पौल मात्र आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याच्या, अंगच्या गुणांत 'एका स्त्रीचा पती' हा गुण शिकवण्याच्या कौशल्याआधी घालतो, आणि ज्याला आपले घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील, असे सरळ विचारतो.

मराठी ख्रिस्ती माणसाने हा विषय काढला की कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे स्मरण अपरिहार्य आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि हिंदूच राहिलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले; दोघांची ताटातूट झाली. देवाशी प्रामाणिक राहण्याची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित अधिक, पत्नीने मोजली, हे टिळकांवर प्रेम करणाऱ्या आपण स्वच्छ शब्दांत मान्य केले पाहिजे. पण मला महत्त्वाची वाटतात ती पुढची पाच वर्षे. धर्माच्या कारणावरून जोडीदार सहा महिने नांदावयास तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विवाह मोडण्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा 1866 च्या कायद्याने दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते थांबले; आणि लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळेओवळे टिळकांनी बळाने मोडले नाही. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विश्वासाने. 1919 मध्ये टिळक मुंबईतच प्रभूकडे गेले, तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' अपुरे होते. त्यात 64 अध्यायांची भर लक्ष्मीबाईंनी घातली. देवाच्या नावाने पत्नीवर सत्ता गाजवणारा पुढारी आणि तिच्या विवेकबुद्धीला देवापुढे मोकळे ठेवणारा पुढारी यांच्यातला फरक मला या दांपत्याकडून जितका कळला, तितका कोणत्याही प्रवचनातून कळला नाही.

म्हणून पास्टोरेट कमिट्यांना, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांना, माझे कळकळीचे सांगणे आहे. नवे पाळक येतात तेव्हा त्यांचा उपदेश कसा, गळा कसा, एवढीच चौकशी करू नका. आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्यांच्या घरासाठी राखून द्या आणि अंत्यविधीखेरीज त्या दिवशी त्यांना बोलावू नका. वर्षातून एकदा तरी पाळकीणबाईंची निराळी विचारपूस करा. ती कमिटीतल्या एखाद्या भगिनीने एकांतात करावी, कारण पाळकसाहेब शेजारी बसले असताना त्या 'सर्व ठीक आहे' याखेरीज काही बोलणार नाहीत.