बेड नंबर १७ ची बेल

मी कळव्याला राहते, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने कोपरखैरणेला नर्स म्हणून नाइट ड्युटीला जाते. हॉस्पिटल खाजगी, ४५ बेडचं. त्या रात्री वॉर्डात २६ पेशंट आणि आम्ही दोघी, त्यात दहाच्या सुमाराला दुसरीला आयसीयूत पाठवलं कारण तिकडची सिस्टर पावसात अडकलेली. म्हणजे उरलो मी आणि वॉर्डातल्या आया मावशी.

साडेअकराला बेड ४ च्या ताईंना ब्लड लावलं. ब्लड लावल्यावर पहिली १५ मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं, मोठी रिअ‍ॅक्शन यायची तर बहुतेक तेव्हाच येते. आणि आलीच. त्यांचे दात कडकड वाजायला लागले, कंबर दुखतेय म्हणाल्या, मी लगेच ब्लड बंद केलं, नवीन सेट लावून सलाईन चालू केलं, आरएमओला म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन, एका हाताने बीपी, आणि तेवढ्यात १७ ची बेल. मावशी औषधं आणायला खाली गेलेल्या. मी तिथूनच ओरडले, "आजोबा, उठू नका, आलेच!" बेल वाजत राहिली, मग बंद झाली आणि धप्पकन आवाज आला.

हर्नियाचं ऑपरेशन झालेले आजोबा, एकटेच बाथरूमला निघालेले. कपाळाला चार टाके पडले. ताई बऱ्या झाल्या, त्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.

सकाळी इन्सिडेंट फॉर्म भरला. त्यात सिस्टरचं नाव लिहायला जागा आहे, सिस्टर किती होत्या ते लिहायला नाही. मी खाली पेनाने लिहिलं, "पेशंट २६, सिस्टर १". इनचार्ज मॅडम म्हणाल्या, "ही ओळ नको, दुसरा फॉर्म भर." मॅडम वाईट नाहीत, त्यांनाही वरून ऐकावं लागतं. पण मी नाही भरला. दोन दिवसांनी मेमो हातात, बेलकडे दुर्लक्ष केलं म्हणून.

सगळ्यांना वाटतं आम्ही पगारासाठी नोकरी सोडतो. पगार कमी आहेच, मला १७ हजार मिळतात, आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलनेही निदान २० हजार द्यावेत असं म्हटलं होतं. पण त्या पगारावर मी तीन वर्षं काढली. ती ओळ खोडायला सांगितली तेव्हा मात्र मन उडालं.

डिस्चार्जच्या दिवशी आजोबांनी हाक मारली, "पोरी, तुझा आवाज ऐकला होता गं मी, पण धरवलं नाही." मी पॅन्ट्रीत जाऊन रडले.

राजीनामा दिलाय. नोटीसचे अजून १२ दिवस आहेत, आणि काल रात्री पण वॉर्डात मी एकटीच होते.