असईची काळी, असईची पांढर

शनिवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. स्प्रे प्रायमरचा (रंगाआधी मारायच्या अस्तराचा) डबा कपाटातच. दमट हवेत मारला की थर दाणेदार बसतो आणि पंधरा मिलिमीटरच्या शिपायाला नाक-डोळे उरत नाहीत. पुण्यात आषाढ-श्रावणात प्रायमर ब्रशनेच लावायचा, नाहीतर सरळ दुसरं काम काढायचं. मी दुसरं काम काढलं. जमीन.

टेबल सहा फूट बाय चार. त्यावर छोट्या शिपायांनिशी, फासे टाकून खेळायची असईची लढाई बसवायची आहे. जालना जिल्हा, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं रान. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली इथे भिडला. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी म्हातारपणी त्याला कुणी विचारलं, की लढाईत तुम्ही केलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती, तर तो एवढंच म्हणाला म्हणे, ‘असई.’

या छंदातले बहुतेक लोक शिपायांपासून सुरुवात करतात. शिपाई रंगवून फळीवर मांडता येतात, फोटो काढता येतो. जमीन शेवटी, घाईत, हिरवं कापड अंथरून. मला ते पटत नाही. असईची लढाई तर जमिनीनेच ठरवलेली आहे. मराठ्यांची फळी केळणेच्या उत्तर काठाला, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वाटाडे वेलस्लीला सांगत होते की पुढे उतार, म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा, नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरुड. एवढ्या जवळ दोन गावं आहेत, तर मधून जाण्यायेण्याची वाट असणारच, असा त्याने हिशेब केला. उतार निघाला. आता ही दोन गावं टेबलावर नसतील, तर समोर बसलेल्या खेळाडूला तो उतार मी नियमांच्या कागदावर लिहून द्यायचा का? मग त्याने स्वतः काय ओळखलं?

दुपारी इन्सुलेशनचा फोम आणायला बाहेर पडलो. थर्माकोल नको, त्याचे मणी सुटतात आणि कापताना कडा फाटतात. एक्सपीएस फोमची, म्हणजे मणी नसलेली, शीट हवी, इंचभर जाडीची, घट्ट.

“कितव्या मजल्यावर टाकायची?” दुकानदार काकांनी विचारलं.

“टाकायची नाही काका, कापायची आहे. नदी करायचीय.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दोन शीटचं बिल केलं. पुढे काही विचारलं नाही.

रात्री कापायला घेतली. नदी टेबलावर वरून चिकटवलेली मला बघवत नाही; निळी पट्टी, जणू कुणी रिबीन टाकलीय. दख्खनच्या नद्या जमिनीत उतरलेल्या असतात, काठ उभे, मातीचे. म्हणून अख्ख्या टेबलावर फोमचा थर आणि नदी त्यात कोरलेली. कटरचं पातं तिरकं धरून काठ कापले, मग बोटाने चुरडले. उताराच्या जागी मात्र काठ लांबवर घासून सपाट केला. बैल आणि तोफा जिथून उतरतील, तिथे काठ तसाच दिसला पाहिजे.

रविवार

आज फक्त मापं. ही गोष्ट नवख्याला सांगितली की त्याचा चेहरा पडतो: टेबलावर एकाच वेळी दोन मापं नांदत असतात. शिपाई साधारण शंभरास एक या प्रमाणात. पण रानाची रुंदी दोन किलोमीटर धरून ती चार फुटांत बसवली की जमीन सोळाशेस एक होते. सहाशे माणसांची पलटण माझ्याकडे चोवीस शिपायांची, बारा-बाराच्या दोन रांगा, लांबी दहा सेंटिमीटर. खऱ्या पलटणीची लांबी या जमिनीच्या मापात जवळपास तेवढीच येते, ते नशीब. घरांचं मात्र गणित फसतं. शिपायाच्या मापाचं एक घर या जमिनीवर अख्खी आळी व्यापतं. म्हणून असई गाव म्हणजे चार-पाच घरं, एक गावकूस आणि एक वेस. त्याहून जास्त घातली तर दोन्ही नद्यांमधली जागा गावच खाऊन टाकेल.

दिवाळीच्या किल्ल्यावर हा प्रश्न कधीच येत नाही. तिथे महाराज बुरुजापेक्षा उंच, मावळा दरवाजापेक्षा मोठा, पायथ्याला वाघ आणि गवळण एकाच आकाराचे, आणि कुणाचीच तक्रार नसते. माप मानाप्रमाणे. मला तो हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्यावर बंदुकीचा पल्ला मोजता येत नाही.

मंगळवार, रात्री

आबा आले आहेत. त्यांचं लहानपण मराठवाड्यातलं, त्यामुळे टेबल त्यांना दाखवायची मला धास्तीच होती. मी पिकं करत बसलो होतो. काथ्याचं पायपुसणं घ्यायचं, मागचं रबर तसंच ठेवून चौकोन कापायचे, काथ्या अठरा मिलिमीटरवर छाटायचा. शंभरास एकच्या मापात पुरुषभर उंचीची बाजरी झाली. शेंडे पातळ फेविकॉलमध्ये बुडवून बारीक भुशात दाबले की कणसं तयार. (रवा चांगला बसतो, पण रव्याला मुंग्या येतात. पुण्यात तर येतातच.)

आबा बराच वेळ वाकून बघत राहिले.

“हे कधीचं रान म्हणालास?”

“सप्टेंबर. तेवीस तारीख.”

“मग सगळीकडे पीक कसं? ज्वारी रब्बीची असते आपल्याकडे. त्या वेळी निम्मी काळी नांगरून, पाळ्या घालून पडलेली असते पेरणीची वाट बघत.”

खरं आहे. युरोपातल्या टेबलांवर शेत म्हणजे पिवळा गहू आणि कुंपणाची झुडपं. काळं, उघडं, तयार ठेवलेलं रान तिथल्या कुठल्या पुडीत मिळतच नाही. मी बाजरीचे चौकोन एका बाजूला सरकवले. आबांचं पुढचं वाक्य मात्र दिवसभर डोक्यात राहिलं. “आणि ते साल कसलं होतं?”

साल वाईट होतं. १८०२च्या ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंद्यांची आणि पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पुणं सोडून पळाला, आणि त्यानंतर होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या घोड्यांनी दख्खन तुडवला. १८०३-०४चा दुष्काळ त्या लुटीवरच चढला. शिवाय असईच्या रानात आधीच दोन्ही सरदारांचा तळ पडलेला होता, हजारो घोडी आणि बैल चरायला. अशा जागी पुरुषभर बाजरी कशी राहील? शेवटी काथ्याचे दोनच तुकडे ठेवले, तेही कात्रीने ओरबाडून, कडेला वैरण खाल्ल्यासारखे. बाकी काळी.

काळीचा रंग काळा नसतो. काळ्या ट्यूबमधून सरळ लावला तर जमीन डांबराची दिसते. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा काळा आणि चिमूटभर निळा. त्यावर चाळलेली बारीक वाळू फेविकॉलने बसवून तीच रंगवलेली. वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश करड्या-तपकिरी रंगात बुडवून, फडक्यावर पुसून, ढेकळांच्या माथ्यावरून हलके फिरवला. नांगराच्या ओळी जुन्या कंगव्याने, वाळू ओली असतानाच ओढलेल्या. पाण्याला निळा अजिबात नाही. पावसाळा सरताना केळणा गढूळच असणार: पिवळसर तपकिरी रंग, मध्यावर थोडा गडद, त्यावर ग्लॉस व्हार्निशचे थर.

गावासाठी वेगळी माती लागली. काळी शेताची, गाव पांढरीवर. धाब्याची घरं, सपाट माळवदं, भिंती पांढरीच्याच मातीच्या. विकतची तयार घरं बघितली होती. एकतर इंग्लंडातली उतरत्या छपरांची, नाहीतर वाळवंटातली घुमटांची. दोन्हींत असई नाही. फोमच्या ठोकळ्यांवर फेविकॉल, पांढरा रंग आणि बारीक चाळलेली माती कालवून जाड ब्रशने थापलं. वाळताना जे तडे गेले ते तसेच ठेवले. आबांनी एका घराच्या माळवदाला बोट लावलं आणि म्हणाले, “पावसाळ्यात हे गळतं.” मी पाण्याचा एक ओघळ रंगवून दिला.

शुक्रवार

दोन दिवस उघडीप. प्रायमर झाला, शिपायांना हात लावला.

दुकानात ‘त्वचा’ म्हणून मिळणारा रंग गुलाबी असतो. असईच्या टेबलावर तो जेमतेम काही डझन चेहऱ्यांना लागतो. वेलस्लीच्या बाजूला गोऱ्यांच्या पायदळाच्या दोनच पलटणी, ७४वी आणि ७८वी. उरलेलं पायदळ मद्रासचे शिपाई, आणि घोडदळातही एका गोऱ्या रेजिमेंटला मद्रासच्या तीन. समोर शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींचे गट), त्यांचा सरदार पोलमन मूळचा हॅनोव्हरचा, सोबत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. म्हणजे दोन्ही बाजूंना बहुतेक माणसं सावळीच. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, किंचित गडद तपकिरी. नाक आणि गालाच्या हाडावर ऑकर वाढवून एक टिंब. एवढ्या छोट्या चेहऱ्यावर डोळे काढू नयेत, काढले की सगळे दचकल्यासारखे दिसतात. भुवईखाली तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) साचला की पुरे.

लाल डगल्यांना वेळ लागतो. काळ्या प्रायमरवर लाल बसतच नाही, थरावर थर द्यावे लागतात. आधी विटकरी, मग ताकाइतका पातळ केलेला लाल, वळ्यांमध्ये विटकरी तसाच ठेवून. खांद्यावर आणि कोपरावर नारिंगीकडे झुकणारी एक रेघ. पांढरे पट्टे आधी करड्याने, त्यावर अर्ध्या रुंदीचा पांढरा. हा करडा सोडला तर पट्टा चिकटपट्टीसारखा दिसतो. ठेवला तर हातभर अंतरावरून शिपाई उठून उभा राहतो.

आज सगळ्यात मजा मात्र बैलांनी आणली. तोफा ओढायला बैल हवेत. विकत मिळालेली गुरं युरोपातली, पाठी सपाट, शिंगं तोकडी. वेलस्लीकडे म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते. मागे वळलेली लांब टोकदार शिंगं, भरदार वशिंड. एम-सील कालवलं, मोहरीएवढी गोळी खांद्यावर ठेवली, ओल्या सुईने पाठीत मुरवली. शिंगांना तांब्याची बारीक तार, मुळाशी पुन्हा एम-सील. एम-सील पटकन घट्ट होतं, त्यामुळे एका वेळी दोन बैलांपुरतंच कालवायचं. सगळे वाळल्यावर ओळीने उभे केले तर जावयासारखे ऐटीत दिसायला लागले. लढाईत मात्र यांचेच हाल झाले. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तसे बैल पडले, आणि वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून संगिनींनिशी पुढे जावं लागलं. म्हणून तीन बैल आडवे पडलेलेही केले आहेत. ते करताना हात जरा हळू चालला.

रविवार

तोफा. शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सॅंगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली पितळी तोफा ओतल्या जात; त्यांच्या घडणीचं कौतुक शत्रूनेही केलं. असईला मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या, त्यांतल्या बहुतेक इंग्रजांच्या हाती गेल्या. सोनेरी रंगावर गडद तपकिरी वॉश, मग फक्त तोंडाच्या कडेवर आणि कानांवर पुन्हा सोनेरी. गाड्याची चाकं करडी. चकचकीत तोफ खेळण्यातली वाटते.

गोलंदाजांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. वेलस्ली केळणा उतरला तेव्हा पोलमनने अख्खी फळी काटकोनात वळवली. उजवी बाजू केळणेला, डावी असई गावाला टेकवून. एवढी पायदळाची रांग आणि एवढ्या तोफा शत्रू अंगावर येत असताना फिरवणं ही कवायत सोपी नाही. दीड हजारावर इंग्रज बाजूची माणसं ठार-जखमी झाली ती या तोफांमुळे, आणि उजवीकडे भरकटून गावाच्या तोफांसमोर गेलेली ७४वी तर जवळजवळ संपली. पायदळ मोडल्यावरही काही गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. इंग्रजांची फळी वरून पुढे गेली, तसे उठले आणि तोफा वळवून मागून डागायला लागले. त्यांना पुन्हा हटवायला वेलस्लीला ७८वी आणि घोडदळ परत फिरवावं लागलं.

हे टेबलावर कसं आणायचं? प्रत्येक तोफेला गोलंदाजांच्या दोन पट्ट्या केल्या, एक उभ्यांची, एक पडलेल्यांची, खाली लोहचुंबक. पडलेल्यांना मेलेल्यांसारखंच रंगवलं आहे. फरक मलाही सांगता येऊ नये म्हणून. उठायची वेळ आली की पट्टी बदलायची.

नियमावरून मात्र मित्राशी फोनवर अर्धा तास वाद झाला. तो इंग्रज खेळणार. त्याचं म्हणणं, ताब्यात घेतलेल्या प्रत्येक तोफेसाठी फासा टाकावा, सहा पडला तर गोलंदाज उठले. मी म्हटलं, फासा कशाला? तोफांपाशी एक पलटण मागे ठेवलीस तर कुणी उठणार नाही, नाही ठेवलीस तर मी वाटेल तेव्हा उठवीन. “मग तर मी ठेवीनच की,” तो म्हणाला. ठेव ना. तेवढी एक पलटण पुढे कमी पडेल.

त्याला अजून पटलेलं नाही. पुढच्या रविवारी येताना स्वतःचे फासे घेऊन येतोय. माझ्या फाशांवर त्याचा पहिल्यापासून विश्वास नाही.