ब्लँकेटचं रेट कार्ड काही जमेना

हातमागावर विणणं जमतं हो, किंमत सांगायची वेळ आली की तोंडच उघडत नाही माझं. परवा एकीने विचारलं केवढ्याला देणार, आणि मी चक्क लोकरीचा खर्च सांगून मोकळी, मजुरी शून्य! मग घरी येऊन वहीत नीट मांडलं. आडवा धागा नेणारा धोटा फिरवायचे तास सगळ्यांना दिसतात, पण ताणा, म्हणजे उभे धागे, लावायला, मागाच्या फणीतून एकेक धागा ओवायला माझा अख्खा दिवस गेलेला असतो तो कोण मोजणार, शिवाय शेवटी मागावर जो ताणा उरतो तो विणता येतच नाही, कापून टाकावा लागतो, म्हणजे तेवढी लोकर गेलीच की. आणि धुतल्यावर लोकर आटते, त्यामुळे मागावर मुद्दाम मोठं विणावं लागतं. एका ब्लँकेटचे 26 तास भरले. लोक मशीनच्या ब्लँकेटशी तुलना करतात, करू देत. आता ठरवलंय, लोकर अधिक वाया गेलेला ताणा अधिक तासांची मजुरी, आणि मैत्रिणींना सूट द्यायची तर ती मजुरीतून नाही, छोटं ब्लँकेट घ्या म्हणायचं. बघू, पुढच्या गिऱ्हाईकासमोर तोंड उघडतं का ते.